सावली आणि देह

१८३९मध्ये जाहीर झालेल्या डॅगेरोटाइपमध्ये, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणाऱ्या छायाचित्रात, बसलेल्या व्यक्तीच्या हाती कधी दुसरेच छायाचित्र असे, बहुधा मृताचे किंवा दूर गेलेल्याचे. प्रतिमा माणसाची जागा घेऊ शकते काय, हा मूर्तिपूजा नाकारणाऱ्या प्रॉटेस्टंट समाजाला अडचणीचा प्रश्न त्यातून नकळत उभा राहतो. गुलामगिरीतून सुटलेल्या अमेरिकन धर्मोपदेशिका सोजर्नर ट्रुथ यांच्या १८६३च्या छायाचित्रातही मांडीवर यादवी युद्धात उत्तरेकडून लढणाऱ्या नातवाचे छायाचित्र आहे. १८६४च्या चित्रांत हाती विणकाम आहे आणि (त्यांना वाचता येत नसूनही) शेजारी पुस्तक. ही छायाचित्रे कार्डांच्या रूपात विकताना, देह पोसण्यासाठी आपण सावली (म्हणजे छायाचित्र) विकतो, असे त्यांनी त्यांवर छापवले. सावलीला खऱ्या वस्तूहून कमी मानणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोप्रमाणे ती येथेही दुय्यमच ठरते, मात्र तिला देहाच्या कामाला जुंपण्याचे धाडस ट्रुथ यांचे आहे.