चार नंबर, उभा राहा

चार नंबर, उभा राहा. बाकीचे बसा. पायरी ओली आहे, दिसतंय मला. तरी बसा.

काल संध्याकाळी याच पायऱ्यांवर तुमची बैठक भरली होती. स्टोअर रूमचं दार उघडं होतं आणि मी आत बॉलमध्ये हवा भरत होतो. अर्धा तास ऐकलं. यंदा ड्रॉ सोपा लागणार. गेल्या वर्षीच्या विजेत्या संघातली मुलं शेवटच्या वर्षाला होती, ती आता बाहेर पडली. म्हणजे आपण सेमीफायनलला धरूनच चालायचं. मग युनिव्हर्सिटीच्या संघात आपले किती जण लागतील, वेस्ट झोनला कुठे जावं लागेल, ट्रॅकसूट कुठल्या रंगाचा शिवायचा. सगळं ठरलं. त्या अर्ध्या तासात एकाच्याही तोंडून प्रॅक्टिस हा शब्द निघाला नाही. आज सकाळी सहाची वेळ दिली होती. सहाला ग्राउंडवर चार मुलं होती. कॅप्टन सहा वाजून वीस मिनिटांनी उगवला, आणि वीस मिनिटं उशीर होऊनही त्याचं पाऊल काही घाईत पडत नव्हतं.

म्हणून आज बॉलच्या आधी दोन शब्द ऐकावे लागतील. ते गोड नाहीत.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीने होते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हे सांगायची वेळ यावी याचं मला वाईट वाटतं. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. हरलात, की अख्ख्या वर्षाचा मोसम 40 मिनिटांत संपला. आज चुकलं ते पुढच्या रविवारी भरून काढू, अशी सोय तिथे नाही. गेल्या वर्षी आपला मोसम दुसऱ्या फेरीत संपला. त्या सामन्याची स्कोअरशीट माझ्या कपाटात आहे. वर्षभरात ती मी कितीदा काढून पाहिली ते माझं मला माहीत. तुम्ही त्या दिवसापासून रेफरीला शिव्या देताय. स्कोअरशीट वेगळंच सांगते. आपण जितक्या गुणांनी हरलो, त्याच्या दुपटीहून जास्त फ्री थ्रो आपण वाया घालवले. ते रेफरीने नाही मारले. तुम्ही मारले.

फ्री थ्रो म्हणजे काय, ते एकदा नीट डोक्यात शिरू द्या. रेषेपासून बोर्ड 4.6 मीटरवर. रिंग 3.05 मीटर उंच. पुण्यात तेवढीच, नाशकात तेवढीच, अमेरिकेतही तेवढीच. समोर हात उंचावून कोणी उभा नाही. कोणी धक्का देत नाही. बॉल हातात आल्यापासून पाच सेकंद फक्त तुमचे. या खेळात बाकी प्रत्येक गोष्ट दुसरा कोणीतरी तुमच्यापासून हिसकावून घ्यायला बघतो. ही एकच गोष्ट अशी, की ती तुमच्या हातून सुटली तर तुमच्यामुळेच सुटते. शिवाय समोरच्या संघाचे एका क्वार्टरमध्ये चार टीम फाऊल झाले, की पाचव्यापासून दोन-दोन थ्रो मिळायला लागतात. अटीतटीच्या सामन्याची शेवटची दोन-तीन मिनिटं म्हणून या रेषेवरच जातात. आणि तुम्ही रोज प्रॅक्टिसच्या शेवटी, बॅगा भरता भरता, गप्पा मारता मारता दोन-चार थ्रो टाकता आणि घरी जाता. दमलेले पाय, धपापणारा श्वास आणि मागे हरण्याची भीती, अशा अवस्थेत फ्री थ्रो मारायची सवय तुम्हाला लागणार कुठून?

अकरा नंबर, खाली बघू नकोस. गेल्या महिन्यात मी तुझी थ्रोची पद्धत बदलायला घेतली. कोपर बाहेर जातं, बॉल तळहातावर बसतो, म्हणून तो आडवा जाऊन रिंगवर आदळतो. तू दोन दिवस मी सांगितलं तसं केलंस. तिसऱ्या दिवशी कुणीतरी हसलं आणि तू परत जुन्यावर गेलास. तुला एनबीएचे आकडे तोंडपाठ असतात. मग हाही पाठ कर. 2 मार्च 1962 ला विल्ट चेंबरलेनने एकाच सामन्यात 100 गुण केले. त्यातले 28 फ्री थ्रोचे होते, 32 पैकी 28. एरवी फ्री थ्रो म्हटलं की त्या धिप्पाड माणसाला घाम फुटायचा. त्या मोसमात तो दोन्ही हातांनी बॉल गुडघ्यांपाशी नेऊन खालून वर सोडायचा. दिसायला ते विचित्र दिसतं, पण बॉल पडत होता. पुढे त्याने ती पद्धत सोडली. चुकत होती म्हणून सोडली नाही. ती बायकी दिसते याची त्याला लाज वाटली. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय, आणि आपलं चुकलं हेही कबूल केलंय. कारकीर्द संपली तेव्हा त्याचे जेमतेम निम्मे फ्री थ्रो पडले होते. त्याच्याच काळात रिक बॅरी जन्मभर तसा खालून मारत राहिला, आणि त्याचे दहातले जवळपास नऊ पडायचे. आता तू सांग, त्या दिवशी इथे कोण हसलं होतं? नाव नको मला. जो हसला त्याला कळलंय.

ड्रॉचं बोलू. ड्रॉ सोपा लागलाच समजा. बास्केटबॉलमध्ये आपला देश ऑलिंपिकला एकदाच खेळला, 1980 मध्ये मॉस्कोला. अनेक देशांनी बहिष्कार घातला, जागा रिकाम्या झाल्या आणि भारताला बोलावणं आलं. त्या संघातली मुलं तुमच्या-माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगली होती, देशातली सर्वांत चांगली होती, आणि त्यांच्याबद्दल मी एक अक्षर वाईट बोलणार नाही. पण दुसऱ्यांनी सोडलेली जागा त्यांना फक्त दारापर्यंत घेऊन गेली. 12 संघांत आपण बारावे आलो. एकही सामना जिंकता आला नाही. समोरचा संघ दुबळा निघेल या भरवशावर तुम्ही ऑगस्टची वाट बघत बसला आहात. त्या कॉलेजातही आत्ता, या घडीला, कुणीतरी सर त्यांच्या मुलांना घेऊन ग्राउंडवर उभे असतील. ती मुलं सहाला आली असतील.

"सर, आपल्याकडे हाइट नाही." हे वाक्य मला यापुढे ऐकू येता कामा नये. 1964 मध्ये अमेरिकेत यूसीएलएच्या संघाने कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. मोसमात 30 सामने, तीसही जिंकले. त्यांच्या पहिल्या पाचांत साडेसहा फुटांचा एकही नव्हता. आपल्याला ती उंची मोठी वाटेल, तिथे त्या संघाला बुटका म्हणत. अंतिम सामन्यात समोर ड्यूक. त्यांच्याकडे सहा फूट दहा इंचांचे दोघे. निकाल 98-83. ते जिंकले कशामुळे? प्रेसमुळे. पूर्ण कोर्टभर, पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत समोरच्याला बॉल धड पुढे आणू द्यायचा नाही. त्याला उंची लागत नाही, फुप्फुसं लागतात. तुमची फुप्फुसं दुसऱ्या क्वार्टरलाच कमरेवर हात ठेवतात.

त्या संघाचे कोच जॉन वुडन. मूळचे शाळेत इंग्रजी शिकवणारे मास्तर. 1948 मध्ये त्या कॉलेजात गेले आणि पहिलं अजिंक्यपद मिळालं 1964 मध्ये. मधली वर्षं मोजा. पुढे 1975 पर्यंत त्यांनी अशी एकूण दहा जिंकली. हा माणूस मोसमाच्या पहिल्या दिवशी खेळाडूंना मोजे घालायला शिकवायचा. देशभरातून निवडून आणलेल्या खेळाडूंना! टाचेपाशी सुरकुती राहायला नको, बोटांपाशी राहायला नको, मग बूट, मग नाडी ओढून घट्ट. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की पाय अडखळतो. नऊ नंबर, तुला हे वेगळं सांगायला हवं का? गेल्या वर्षी सामन्याच्या आदल्या दिवशी घेतलेले कोरे बूट घालून तू उतरलास. सेकंड हाफमध्ये लंगडत होतास, आणि तुझा माणूस तुझ्या बाजूने तीनदा ले-अप मारून गेला.

कोर्ट सिमेंटचं आहे, वर छप्पर नाही, पावसात शेवाळ धरतं. मान्य. मुंबईत नागपाड्याला जाऊन या एकदा. दाटीवाटीच्या वस्तीत, मस्तान वायएमसीए आणि नागपाडा नेबरहूड हाऊसच्या कोर्टांवर किती पिढ्या घडल्या! गुलाम अब्बास मुंतसिर त्याच मातीतले, भारताचे कर्णधार झाले, 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. आणि आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली, ती तुमच्या डोळ्यांसमोरची. लाकडी कोर्ट नसल्याने तुमचं अडलंय, असं मला तरी दिसत नाही.

आता ज्यासाठी रात्री मला झोप लागली नाही, ते बोलतो.

सात नंबर, उभा राहा. तू या संघातला सर्वांत चांगला शूटर आहेस. या कॉलेजात इतकी वर्षं मुलं पाहिली, तुझ्यासारखं मनगट फार थोड्यांना असतं. हे मी तुला आजवर तोंडावर सांगितलं नव्हतं. आज सांगतो, कारण पुढचं ऐकताना ते तुला आठवायला हवं. आपल्याला हल्ला पूर्ण करायला 24 सेकंद मिळतात. त्यातले निम्मे तुझ्या ड्रिबलमध्ये जातात. पंधरा नंबर उजव्या कोपऱ्यात मोकळा उभा असतो, दोन्ही हात पुढे करून. तो तुला दिसत नाही, असं म्हणू नकोस. तुझी मान त्याच्याकडे वळलेली मी पाहिलीये. मान वळते आणि बॉल येत नाही.

का येत नाही ते मला ठाऊक आहे, आणि इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो पहिल्या वर्षाचा. तालुक्याहून आलेला. तो "व्हय" म्हणतो आणि तुम्ही मागे त्याची नक्कल करता. कँटीनमध्ये तुमच्या टेबलाला तो बसत नाही, कारण त्याला कुणी बस म्हणत नाही. जून जाऊन जुलै उजाडला, त्याला तुम्ही अजून नावानेसुद्धा हाक मारलेली नाही. तो मात्र पावणेसहाला इथे असतो. गेल्या तीन आठवड्यांत एकही दिवस चुकला नाही. दीड तास बॉल मिळत नाही, तरी प्रत्येक फास्ट ब्रेकला धावतो, प्रत्येक वेळी परत येऊन आपला माणूस धरतो. आणखी महिनाभर असंच चाललं, तर एक दिवस तो धावायचा थांबेल. मग सामन्यात दोघं तुझ्या अंगावर येतील, तू शेवटी नाइलाजाने बॉल कोपऱ्यात टाकशील, आणि तिथे हात पुढे केलेला कोणी नसेल. पोराचं मन मोडलं तर ते मी शिट्टी वाजवून परत आणू शकत नाही.

गेल्या वर्षीही असंच एक पोर होतं. दिवाळीनंतर यायचं बंद झालं. मी एकदा निरोप धाडला आणि कामाला लागलो. त्याच्या खोलीवर जायला हवं होतं, गेलो नाही. ती चूक माझी. ती या वर्षी मी पुन्हा करणार नाही आणि तुम्हालाही करू देणार नाही.

मला राग का येतो, सांगू? तुमच्याकडे काहीच नसतं तर मी आलो असतो, हजेरी घेतली असती आणि घरी गेलो असतो. पण तुमच्याकडे शूटर आहे. बोर्डाखाली जागा अडवून उभा राहील असा सेंटर आहे. पाच आणि दहा नंबर, तुम्ही दोघं मनावर घेता तेव्हा चांगल्या चांगल्या गार्डांना मधली रेषा आठ सेकंदांत ओलांडता येत नाही, हे मी पाहिलंय. हा संघ सेमीफायनलला जाऊ शकतो. काल तुम्ही पायरीवर जे बोलत होतात ते खोटं नव्हतं. पण त्यासाठी लागणारे सहा आठवडे आजपासून मोजायचे आहेत, आणि त्यातली वीस मिनिटं कॅप्टनने आज सकाळीच घालवली.

चार नंबर, तू अजून उभा आहेस, बरं झालं. तिकडे बघ. मामा काय करताहेत? खराट्याने कोर्टवरचं पाणी काढताहेत. रोज साडेपाचला येतात. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, गुडघे दुखतात, तरी एकट्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी ढकलतात, म्हणजे तुमचा पाय घसरू नये. तुम्ही बारा जण इथे बसून ते संपायची वाट बघता. कॅप्टन म्हणून तुझ्या कधी लक्षात आलं हे? मला उत्तर नको. जा, त्यांच्या हातातला खराटा घे. स्टोअर रूममध्ये आणखी दोन आहेत आणि गोणपाटंही आहेत. पाच, दहा, तुम्ही तिकडच्या बोर्डाखालून सुरुवात करा, शेवाळ तिथे जास्त आहे. अकरा, मामांना खुर्ची आणून दे.

पाणी निघालं की कोर्टच्या दहा फेऱ्या, आणि श्वास खाली बसायच्या आत फ्री थ्रो. प्रत्येकी दहा. किती पडले ते मी वहीत लिहिणार, आणि वही रोज इथे पायरीवर उघडी राहील. सात नंबर, रिंगखाली तू उभा राहायचंस, बॉल तू काढून द्यायचास.

पहिला पंधरा नंबर मारेल. त्याला नावाने हाक मार.