मळ जातो कुठे?

माझी सगळी नोकरी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात, डाइंगमध्ये गेली. तिथं एक गोष्ट पक्की कळली : रंग नाहीसा होत नाही. सुतावर चढला नाही तेवढा पाण्यात उतरतो, आणि ते पाणी कुठंतरी जातंच. त्यामुळे अमुक शुद्ध झालं, तमुक पवित्र झालं असं कुणी म्हणालं की मी विचारतो, मग मळ गेला कुठे?

घरातल्या माशांच्या टाकीलाही मी तेच विचारतो. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. खडीतले आणि फिल्टरच्या स्पंजातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. अमोनिया मासे मारतो. नायट्रेट त्या मानानं गरीब, पण ते साठत जातं आणि काचेवर शेवाळ धरतं. म्हणून मी खाली हायड्रिला लावली, वर पिस्टिया तरंगत ठेवली. तरंगत्या वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड थेट हवेतून मिळतो, म्हणून ती झपाट्यानं वाढते आणि वाढताना पाण्यातला नायट्रोजन ओढून घेते.

शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, ‘‘झाडानं घाण खाल्ली की हो!’’ खाल्ली नाही, सांभाळून ठेवली. हिशेब सोपा आहे. 100 ग्रॅम खाद्यात 40 टक्के प्रथिनं असतील, तर त्यात सुमारे 6.4 ग्रॅम नायट्रोजन असतो. तो सगळा पाण्यात उतरला असं धरलं, तर तेवढा उचलायला तीन-चार किलो ओला पाला वाढावा लागेल. हा पाला टाकीतच पिकून कुजला, तर उचललेलं सारं पुन्हा पाण्यात. म्हणून मी पाला नेमानं छाटतो आणि कढीपत्त्याच्या कुंडीत घालतो. पाणी शुद्ध होतं ते पाला बाहेर निघतो तेव्हा.

मळाचा प्रश्न जुनाच आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी आमच्या सोलापुरात तळं खोदलं. शरणांचे संवाद सांगणाऱ्या शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात प्रसंग आहे : संत अल्लमप्रभू येतात आणि त्या कामात गढलेल्या सिद्धरामांना ‘ओड्ड’ म्हणून, म्हणजे दगडमातीचा मजूर म्हणून हाक मारतात. त्या टोमण्यातला प्रश्न मला असा ऐकू येतो : बाहेर खोदून आतला मळ निघतो का? प्रश्न रास्त आहे. पण आतला मळ काढला, असं म्हणणाऱ्यालाही माझा प्रश्न चुकत नाही. राग गिळला की आपण त्याला शांती म्हणतो. गिळलेला राग आत कुजतो आणि दुसऱ्याच कुणावर तरी निघतो, बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यात गरीब माणसावर.

सिद्धराम, अल्लमप्रभू यांच्यासारख्या शरणांनी कायकाला, म्हणजे कष्टाच्या कामाला, दासोहाची, म्हणजे वाटून देण्याची जोड दिली, ती मला इथं पटते. मिळवणं एका हातानं, वाटून टाकणं दुसऱ्या हातानं. वनस्पती नायट्रोजन उचलते हे तिचं कायक. तो मातीच्या हवाली करणं हा दासोह, आणि तो माणसाला करावा लागतो. नुसतं साठवत गेलं तर पुण्यसुद्धा नासतं, अशी माझी समजूत आहे.

सोलापूरच्या संभाजी तलावात जलपर्णी माजते, उजनी धरणातही माजते. आपण तिला शिव्या देतो. पण ती माजते ती आपल्याच सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. ती तिथंच मेली तर तळाशी बसून सडते, पाण्यातला प्राणवायू खाते आणि घेतलेलं परत करते. ती बाहेर ओढायला कुणाला तरी कमरेएवढ्या पाण्यात उतरावं लागतं. त्या माणसाच्या अंगाला वास येतो, मग आपण त्याच्यापासून चार हात लांब उभे राहतो आणि स्वतःला सोवळे समजतो. कोणतंही कायक हलकं नाही, हे शरण सांगून गेले त्याला आठशे वर्षं उलटली.

म्हणून अमका माणूस शुद्ध, असं कुणी सांगितलं तर मी त्याचे हात बघत नाही. त्याचा मळ कुणी उचलला, एवढंच विचारतो.