शंभरावं मेंढरू आणि शंभर टक्के निकाल

मुंबई-पुण्यातल्या एखाद्या कॉन्व्हेंट शाळेच्या स्टाफरूममध्ये डोकावलं, तर भिंतीवर क्रूस दिसतो आणि त्याखाली वह्या तपासत बसलेले शिक्षक बहुतेकदा निरनिराळ्या धर्मांचे असतात. कुणाचा गुरुवारचा उपास असतो, कुणाचा रोजा. कुणी दर रविवारी न चुकता चर्चला जातं, तर कुणाचा कशावरच विश्वास नसतो. अशा शाळेचं व्यवस्थापन जेव्हा म्हणतं की आपल्या सगळ्या स्टाफचं आध्यात्मिक उद्दिष्ट एक असावं, तेव्हा ते नेमकं काय मागत असतं? आणि ते मागणं रास्त आहे का?

कायद्याचं उत्तर थोडक्यात सांगता येतं. राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. कलम २८ नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्यावर धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही. पण कायदा फक्त कुंपण घालतो. आत काय पेरायचं, हे माणसांनाच ठरवावं लागतं.

मग एक सोपी वाट काढली जाते. श्रद्धेचं नाव घ्यायचं नाही. प्रेम, सेवा, प्रामाणिकपणा असे शब्द निवडायचे आणि ते फळ्यावर लिहायचे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या क्षेत्रात असे शब्द लिफ्टशेजारच्या भिंतीवर असतात. त्यांना कुणाचाच विरोध नसतो, आणि म्हणूनच ते कुणालाच बांधत नाहीत.

शिवाय काम एक असलं की त्यामागची प्रेरणाही एक असते, असं नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं होती. सदनात धर्मप्रसार होणार नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई मात्र स्वतःची प्रार्थना लपवत नव्हत्या. काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. वाद वाढला आणि १८९३ मध्ये ही मंडळी बाहेर पडली. विधवांनी शिकावं, हे दोन्ही बाजूंना मनापासून हवं होतं. पण मंडळासाठी ती समाजसुधारणा होती, आणि रमाबाईंना सेवा आणि श्रद्धा वेगळी करता येत नव्हती. यात कुणीच लबाड नव्हतं. म्हणूनच हा प्रसंग आजही अवघड वाटतो.

मग दोन वेगळ्या मुळांच्या माणसांना एकत्र काय करता येईल? जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी साधनेची एक पुस्तिका लिहिली. ती १५४८ साली छापली गेली. तिच्या सुरुवातीलाच एक सूचना आहे: समोरच्याच्या बोलण्याचा शक्य तितका चांगला अर्थ लावावा, तो लागत नसेल, तर त्याला काय म्हणायचंय ते विचारावं. त्याच पुस्तिकेत रोज स्वतःचा दिवस तपासण्याचा परिपाठ आहे. आमच्या टीममध्ये दर दोन आठवड्यांनी रेट्रो होतो, तिथे काम कुठे अडलं ते शोधतात. इथे मी कुठे अडलो, हे शोधायचं असतं. ख्रिस्ती शिक्षक हे देवासमोर करेल, नास्तिक शिक्षिका स्वतःच्या विवेकासमोर. दोन्ही एकच आहे, असा आव आणायची गरज नाही. वर्गातल्या ज्या मुलाकडे आज पाहिलंच नाही, ते दोघांनाही आठवलं म्हणजे झालं.

खरी परीक्षा मात्र निकालाच्या बैठकीत होते. नववीतला एक मुलगा दहावीत नापास होईल असं दिसतंय. शाळेचा शंभर टक्के निकाल मोडेल. कुणीतरी हळूच सुचवतं, पालकांना बोलावून सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगू या. म्हणजे मुलगा बाहेरून बसेल आणि फलक स्वच्छ राहील.

याच शाळेच्या प्रार्थनासभेत येशूची ती गोष्ट सांगितलेली असते: नव्व्याण्णव मेंढरं मागे ठेवून हरवलेल्या एकाला शोधायला गेलेला मेंढपाळ. व्यवहाराच्या हिशेबात ही गोष्ट वेडेपणाची आहे. आता समजा, गणिताच्या हिंदू बाई किंवा विज्ञानाचे मुस्लिम सर बैठकीत उभे राहून म्हणाले, "फादर, ती मेंढराची गोष्ट तुमचीच ना? मग हा मुलगा इथेच राहू दे. मी त्याला शाळा सुटल्यावर शिकवेन."

माझ्या मते समान आध्यात्मिक उद्दिष्टाची खूण ही आहे. ज्याची श्रद्धा वेगळी आहे, त्यालाही संस्थेला तिच्याच श्रद्धेची आठवण करून देता यावी, आणि तसं केल्याबद्दल त्याची वेतनवाढ अडू नये. मग शिक्षकाला धर्म बदलावा लागत नाही आणि शाळेला स्वतःचा धर्म लपवावा लागत नाही. कंत्राटावर झाडलोट करणाऱ्या मावशींनाही हा अधिकार हवा, कारण शिष्यांचे पाय धुणारा गुरूही याच परंपरेतला आहे.

यात जास्त किंमत व्यवस्थापनाला मोजावी लागते. १९७३ साली स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात जेझुइटांचे प्रमुख पेद्रो आरुपे माजी विद्यार्थ्यांसमोर बोलले. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, असा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला, आणि नाही, असं प्रामाणिक उत्तरही दिलं. स्टाफकडून समान उद्दिष्टाची अपेक्षा करण्याआधी मुख्याध्यापकांना आपल्या स्टाफसमोर असं बोलता आलं पाहिजे. तोवर नववीतल्या त्या मुलाचं काय करायचं, हे फलकावरचा आकडाच ठरवत राहील.