पुढच्या वर्षी नक्की

'पुढच्या वर्षी' हा मराठी मध्यमवर्गाचा सर्वांत लाडका मुहूर्त आहे. पंचांगात तो सापडत नाही, पण घराघरांत पाळला जातो. भिंतींना रंग पुढच्या वर्षी, कवळी पुढच्या वर्षी, काशी-रामेश्वर तर हटकून पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी यायचं कबूल करून खरोखर येणारा आमच्या माहितीत एकच आहे, तो म्हणजे गणपती. बाकी आपण सगळे त्याला निरोप देऊन घरी येतो आणि पुन्हा रंगाचा विषय काढतो.

तर प्रश्न असा, की मनातली हौस अशी पुढे पुढे ढकलत नेणं हा गुण समजायचा की अवगुण? याला संयम म्हणायचं की भित्रेपणा? प्रश्न वाटतो तितका हलका नाही. माणूस पुढे ढकलू शकतो ती गोष्ट. वय काही पुढे ढकलता येत नाही. ते आपलं आपण पुढे जातच असतं.

या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हां वर्धेकरांना जरा जास्त आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे देशातले दोन थोर लोहमार्ग आमच्या दाराशी एकत्र येतात. पूर्वी ज्याला वर्धा ईस्ट म्हणत ते आताचं सेवाग्राम स्टेशन आणि आमचं वर्धा स्टेशन यांच्यामधून निम्मा हिंदुस्थान रात्रंदिवस ये-जा करतो. काश्मीरला जाणारे, कन्याकुमारीला जाणारे, पुरीला जाणारे, सगळे आमच्यावरून जातात. उतरत मात्र कुणी नाही. लहानपणापासून आम्ही फलाटावर उभं राहून दुसऱ्यांचे प्रवास पाहत आलो. स्वतःच्या प्रवासासाठी आमच्या वाट्याला पुलगाव-आर्वीची छोटी गाडी होती. ती आता धावत नाही. धावत होती तेव्हाही तिला 'धावणं' म्हणणं हा भाषेचा सैल वापर होता.

सांस्कृतिक बाबतीतही आम्हांला वाट पाहण्याची सवय आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्याला १९६९ साली भरलं. पु. शि. रेगे अध्यक्ष होते. त्यानंतर भरलं ते थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये, नरेंद्र चपळगावकरांच्या अध्यक्षतेखाली. मध्ये चौपन्न वर्षं गेली. पहिल्या वेळी आम्ही मांडवाच्या दोरीखालून वाकून आत शिरलो होतो. दुसऱ्या वेळी दोरीच्या बाहेरच, पंख्याजवळची खुर्ची कुठे आहे याचा अंदाज घेत उभे राहिलो. बाकी वर्षभर रविवार म्हणजे पवनारचं धामेचं पात्र, नाहीतर गोपुरीच्या गीताई मंदिरात शिलांवरचे श्लोक वाचत फिरणं. पाहुणा आला की बापूकुटी आणि जाताना गोरसपाकाचा पुडा. आमचं पर्यटन दहा किलोमीटरांत आटोपतं.

अशा गावात राहून आम्ही एक फार मोठी हौस पाळली होती. १९६४ साली 'संगम' आला आणि पडद्यावर पहिल्यांदा बर्फाचे डोंगर पाहिले. बाहेर आलो तेव्हा वर्ध्याचा उन्हाळा उभा होता. मनाने त्याच दिवशी घेतलं, की आयुष्यात एकदा त्या बर्फातून रेल्वेने जायचं. विमानाने नव्हे, रेल्वेनेच. पुढे लग्न झालं तेव्हा ही हौस आम्ही सौभाग्यवतींना सांगितली. ती म्हणाली, "जाऊ ना. आधी स्टोव्हला पिना आणा."

मग सुरू झालं पुढचं वर्ष. १९७३ च्या परकीय चलनाच्या कायद्यानंतर तर परदेशी पैसा औषधासारखा मोजून मिळे. पण तो कायदा नसता तरी आम्ही कुठे जाणार होतो? बहिणीचं लग्न होतं. मग प्लॉट, त्यावरचं घर, घरावरचं कर्ज. मुलांची शिक्षणं. मग आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिला सोडून नागपूरला मुक्काम करणंही जिवावर येई. इथवर हिशेब स्वच्छ होता. आमची हौस पुढे गेली, पण तिच्या जागी दर वेळी कुणाला तरी काही तरी मिळालं. बहिणीला संसार मिळाला, मुलांना पायावर उभं राहता आलं, आईला रात्री हाक मारायला माणूस मिळालं.

गंमत पुढे आहे. आई गेली, मुलं मार्गी लागली, हाती पेन्शन आली, आणि तरी आम्ही गेलो नाही. आता कारणं कोणती? गुडघा. फ्रँकचा भाव. निवडणुका. शेजाऱ्यांच्या मांजरीची पिल्लं. एका वर्षी आमच्या मंडळींनी सरळ विचारलं, "या वर्षी आपण नाही गेलो तर नेमकं कोणाचं भलं होईल?" बराच विचार केला. मांजरीखेरीज नाव सुचेना.

तेव्हा आमच्या ध्यानात आलं, की 'पुढच्या वर्षी' हे दोन प्रकारचं असतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, जुळ्या भावांसारखी. एकात आपण आपली हौस कुणाला तरी देऊन टाकतो. ते दान आहे. दुसऱ्यात ती कुणालाच न देता नुसती पेटीत ठेवतो. ती सवय आहे, पण ती दानाचे कपडे घालून हिंडते. ओळखायची खूण एकच: आपण थांबल्यामुळे कुणाला काही मिळालं का? मिळालं असेल तर थांबणं सार्थकी लागलं. नाहीतर तो निव्वळ भाव खाणं झालं, आणि तेही स्वतःशीच.

हा विचार आम्ही गुरुजींपुढे मांडला. गुरुजी म्हणजे आमच्या गल्लीतलं खादीधारी न्यायालय. अजून सकाळी चरखा घेऊन बसतात. ते म्हणाले, "जा ना जी. पण तेवढ्या पैशात एखाद्या खेड्यातल्या शाळेला छप्पर होते, हे माहीत असू द्या."

असं म्हणणाऱ्या शंभरांपैकी नव्व्याण्णवांना 'तुम्ही किती छपरं घातली?' असं विचारून गप्प करता येतं. गुरुजी शंभरावे. त्यांनी खरोखर घातली आहेत. आम्ही वकिली केली, "गुरुजी, रेल्वेने देशाचं वाटोळं केलं असं बापूंनी 'हिंद स्वराज्य'मध्ये लिहिलं, पण १९०९ साली ते लिहिलं कुठे? आगबोटीवर! आणि डिसेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना ते स्वित्झर्लंडमध्ये विल्नव्हला रोमां रोलांकडे राहिलेच होते की. तिकडे काय चालत गेले?"

गुरुजी सूत न तुटू देता म्हणाले, "ते दोस्ताला भेटायला गेले. बर्फ पाहाले नाही."

खरं आहे. थोर माणसाच्या खिशातून आपलं तिकीट काढू नये. विनोबा सुमारे तेरा वर्षं देशभर पायी फिरले, म्हणून आपल्या फिरण्याला भूदानाचं पुण्य लागत नाही. आमची हौस ती हौसच. तिला शैक्षणिक सहल, आरोग्यासाठी हवापालट, असली नावं देणं म्हणजे जिलबीला औषध म्हणून खाणं आहे.

पण गुरुजींचा प्रश्न तसाच सोडण्यासारखा नव्हता. छप्पर मोठं की आमचा बर्फ? मोठं छप्परच, यात वाद नाही. मात्र असं मोजत गेलं, तर लग्नातला बँड, दिवाळीतली करंजी, संमेलनाचा मांडव, काहीच उभं राहणार नाही. जगात शेवटचं गळकं छप्पर नीट होईपर्यंत कुणी गाणं म्हणायचं नाही असं ठरलं, तर छपराखाली राहणाऱ्यांनाही गाणं ऐकायला मिळणार नाही. उलट, गाणं चालूच आहे म्हणून छपराकडे पाहायचं नाही, हेही माणुसकीला धरून नाही. आम्हांला एवढंच सुचलं, की दोन्ही खर्च एकाच वहीत लिहावेत, शेजारी शेजारी. वेगळ्या वह्या केल्या की माणूस एक वही हरवतो, आणि कोणती ते सांगायला नको.

दुसरा आक्षेप आमचा आमच्यावरच होता. आमच्या पिढीला वाटतं, की आम्ही साठ वर्षं थांबलो म्हणून आमची हौस पवित्र झाली, आणि शेजारच्या मुलीने पंचविसाव्या वर्षी हप्त्यांवर बाली पाहून घेतलं म्हणून तिची उथळ. तिला आम्ही हे सुचवलंही. ती म्हणाली, "काका, थांबल्याबद्दल कुठे पदक देतात काय?" देत नाहीत. कष्ट काढल्यावरच सुखाला हात लावायचा, हे गणित आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नाही, तरी सगळ्यांना येतं. आंब्याची चव अढीत किती दिवस होता यावर थोडी अवलंबून असते हे कबूल. पण अढीतच राहिला तर नासतो, हेही तितकंच खरं.

हे तत्त्वज्ञान आम्ही आणखी काही वर्षं घोळवत बसलोही असतो, पण पलीकडच्या घरातल्या वहिनींकडे पाहून ते थांबलं. आमचे शेजारी मोठे टापटिपीचे. त्यांनाही परदेशी जायचं होतं. त्यांनी बारा वर्षांपूर्वी एक भारी सुटकेस घेतली. दर वर्षी ती पुसून, उघडून, पुन्हा माळ्यावर. "पुढच्या वर्षी नक्की," म्हणायचे. एका श्रावणात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेले. वहिनींनी त्या सुटकेसमध्ये हिवाळ्याच्या गोधड्या भरल्या. एकदा आमच्या घरी चहा घेता घेता त्या अगदी सहज बोलल्या, "माझ्यासाठी पैसा ठेवला त्यांनी, काही कमी नाही. सोबत तेवढी नाही ठेवली."

त्या रात्री आमच्या घरात कुणी फारसं बोललं नाही. सकाळी उठून आम्ही पासपोर्टाचे फोटो काढायला गेलो.

आम्ही निघणार हे कळल्यावर वहिनींनाही "चला" म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी नाही बाप्पा. तुमी जा, पण हे घेऊन जा." गोधड्या बाहेर काढून त्यांनी सुटकेस आमच्या दारात आणून ठेवली.

आणि आम्ही ती रेल्वे पाहिली. क्लाइने शायडेगहून निघते आणि ३,४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राऊयोखला पोचते. ही कल्पना अडॉल्फ गायर-झेलर नावाच्या गृहस्थाची. त्याला ती १८९३ साली सुचली, काम १८९६ मध्ये सुरू झालं. सात वर्षांत उरकेल असा त्याचा अंदाज होता, लागली सोळा. १९१२ मध्ये गाडी वर पोचली. गायर-झेलर १८९९ मध्येच वारला होता. हे वाचल्यावर आमची खात्री पटली, की हा मनुष्य मूळचा आमच्याकडचाच असावा. पण फरकही जाणवला. त्याचं राहिलेलं स्वप्न दुसऱ्यांनी पुरं केलं, आणि शंभरांहून अधिक वर्षं जग त्यात बसून वर जातं आहे. मोठी कामं अशी वारसाने चालतात. बायकोबरोबर खिडकीशी बसण्याचं काम मात्र वारसाने होत नाही. त्या खुर्चीवर आपणच असावं लागतं.

खिडकीतून काय दिसलं म्हणाल, तर अंधार. या गाडीची सव्वानऊ किलोमीटरांची वाट. त्यातली सातांहून अधिक डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून. 'संगम'मध्ये हे दाखवलं नव्हतं. वर पोचलो, तर ढग. पुढे पांढरं, मागे पांढरं, खाली पांढरं. साठ वर्षं ज्याची वाट पाहिली ते नेमकं कोणत्या बाजूला आहे, हेही कळेना. आम्ही अपराध्यासारखं मंडळींकडे पाहिलं. तिने पर्समधून गोरसपाक काढला, अर्धा आम्हांला दिला आणि म्हणाली, "पौषात आपल्या धामेवर धुकं पडतं ना, डिट्टो तसंच आहे." मग एकदम हसायला लागली, आणि ती हसते आहे म्हणून पलीकडची एक जपानी म्हातारीही हसायला लागली. तिलाही अर्धा गोरसपाक मिळाला. आमच्या संसारातली ती एक फार चांगली दुपार होती. तिथे दिसण्यासारखं जे होतं ते दिसलं, असंच आम्ही मानतो.

परतल्यावर गुरुजींनी दोनच गोष्टी विचारल्या. एक, तिकडे तिसरा वर्ग आहे काय? आम्ही सांगितलं, युरोपने तो १९५६ मध्येच बंद केला, आपण १९७४ मध्ये. दुसरी, वहीत शेजारी शेजारी लिहिलं काय? आम्ही वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले, छपराचा जरा लहान आहे म्हणाले, आणि चहा प्यायले.

वहिनींना सुटकेस परत केली. बर्फ कसा होता हे त्यांनी विचारलं नाही. तिच्यावर विमानतळाच्या दोन चिठ्ठ्या चिकटून राहिल्या होत्या, त्या आम्ही काढायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या." मग कुलूप दोनदा लावून-उघडून पाहिलं आणि विचारलं, "बरोबर लागत होतं ना जी?"

"उत्तम लागत होतं," आम्ही म्हणालो.

"ते म्हणतच होते, चांगल्या कंपनीची आहे म्हणून," वहिनी म्हणाल्या. गोधड्या अजून बाहेरच आहेत. पावसाळ्यानंतर त्या भाचीबरोबर पुरीला जायचं म्हणतात. पुढच्या वर्षी नाही, याच वर्षी. आमच्यावरूनच तर जाते गाडी.