उशिरा आलेल्याची हिरवळ



द्राक्षमळ्याच्या दाखल्यात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पहिल्याइतकीच मजुरी मिळते. अमेरिकेतील लास वेगास शहरात नेमके उलटे घडले आहे. तेथे उशिरा घर बांधणाऱ्याच्या वाट्याला कमी येते. हे न्यायाचे आहे का, असा प्रश्न आम्हांला पडतो.

हे शहर वाळवंटात वसले आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम चार इंच. सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीवरील लेक मीड या जलाशयातून येते. नदीतील नेवाडा राज्याचा वाटा १९२८ साली ठरला, तेव्हा लास वेगास लहानसे गाव होते. आज त्या परिसरात वीस लाखांहून अधिक लोक राहतात; वाटा तोच आहे. म्हणून २००३ साली नव्या घरांच्या पुढच्या अंगणात हिरवळ लावायला बंदी आली. जुन्या घरांपुढची हिरवळ मात्र राहिली.

हिरवळीवरच रोख का? आंघोळीचे आणि स्वयंपाकघरातले पाणी गटारातून शुद्धीकरण केंद्रात जाते व तेथून पुन्हा जलाशयात सोडले जाते. तेवढे पाणी शहराला परत उचलता येते. गवतावर शिंपडलेले पाणी उन्हात उडून जाते, ते परत येत नाही. गवताऐवजी वाळवंटी झाडेझुडपे लावली, तर चौरस फुटामागे वर्षाला सुमारे ५५ गॅलन, म्हणजे २०० लिटरहून अधिक पाणी वाचते. आपण बादल्या मोजतो. तेथे वापरलेले पाणी दुसऱ्याच्या कामी येते की नाही, हे पाहावे लागते.

संत थॉमस अक्वायनस म्हणतात की, कायदा सर्वांच्या हिताचा असला तरी त्याचे ओझे लोकांवर योग्य प्रमाणात वाटलेले नसेल, तर तो न्याय्य ठरत नाही. या कसोटीवर काय दिसते? नव्या माणसाकडून काही हिरावले गेले नाही, त्याने अजून गवत लावलेलेच नव्हते, असे कोणी म्हणेल. हे आम्हांला अर्धेच पटते. जो अजून राहायला आलेला नाही, तो सभेत हात वर करू शकत नाही. त्याच्यावर नियम घालणे सर्वांत सोपे! जुन्या घरमालकाला गवत काढण्यासाठी १९९९ पासून पैसे दिले जातात. म्हणजे एकाला विनंती आणि दुसऱ्याला हुकूम.

२०२१ च्या राज्य कायद्याने ही तफावत काहीशी कमी केली. रस्त्याचे दुभाजक, कार्यालयांचे दर्शनी भाग, सदनिकांच्या वसाहती येथील निव्वळ शोभेच्या गवताला १ जानेवारी २०२७ पासून नदीचे पाणी देण्यास त्याने मनाई केली, मग ते गवत कितीही जुने असो. हे गवत कशासाठी आहे, असे तो कायदा विचारतो. कापणाऱ्याखेरीज ज्यावर कोणी पाऊल ठेवत नाही, त्याला उत्तर देता येत नाही. मात्र गवताच्या पाण्यावर वाढलेल्या झाडांना आधी ठिबकची नळी द्यायला हवी. ४५ अंशांच्या उन्हात सावली ही चैन नव्हे.

स्वतंत्र घरांची जुनी हिरवळ या कायद्यातूनही सुटली आहे. नव्या वसाहतींत शाळा, उद्याने आणि दफनभूमी यांनाच गवताची मुभा उरली आहे.