शंभर वॉटचा शेजारधर्म

शेजाऱ्याला वाटीभर साखर द्यावी, त्याच्या घराची किल्ली सांभाळावी, त्याच्या पाहुण्यांना पत्ता सांगावा, हे सारं शेजारधर्मात बसतं, याबद्दल आपल्याकडे एकमत आहे. पंचाईत होते ती शेजारी गायला लागला की. त्याचं गाणं ऐकून घेणं हेही शेजारधर्मात येतं का? धर्मशास्त्रकारांनी या मुद्द्यावर मौन पाळलेलं दिसतं. बहुधा त्यांचे शेजारी गात नसावेत.

हा प्रश्न निघाला तो रेडिओवरून. गावोगावचा स्थानिक रेडिओ पुन्हा उभा राहावा, तिथे गावातल्याच माणसांनी जिवंत गावं, बोलावं, ऐकणाऱ्यांनी मधेच फोन करून भाग घ्यावा, असं मी एकदा बँकेत डबा खाताना म्हणालो. आमचे हेडकॅशियर भाजीवरून नजर न उचलता म्हणाले, "अहो, खिशातल्या मोबाईलवर लताबाई हजर असताना कोपऱ्यावरच्या वाण्याचं गाणं ऐकायला वेळ कुणाला आहे?" हेडकॅशियरांचं बोलणं नोटांच्या बंडलासारखं असतं. मोजलेलं, आणि वर पट्टी मारलेली.

मुद्दा बिनतोड आहे. पण तो दर्जाचा मुद्दा आहे, आणि दर्जा या गोष्टीशी रेडिओचं जुनं भांडण आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं चक्क पेटीला बंदी घातली. पेटीचे सूर पक्के, तिला मींड घेता येत नाही, हा आरोप. ज्या वाद्यावर आपली भजनी मंडळं आणि संगीत नाटकं उभी, त्याला स्टुडिओत मज्जाव! १९७१ साली सैल होईपर्यंत ही बंदी टिकली. बँकेतसुद्धा कुणाचं खातं इतकी वर्षं गोठवत नाहीत. पुढे १९५२ साली मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी सिनेसंगीताला आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केलं. हेतू चांगलाच होता, लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावं हा. लोकांनी शांतपणे काटा सिलोनवर नेला आणि अमीन सायानींची बिनाका गीतमाला ऐकली. अखेर १९५७ साली विविध भारती काढावी लागली. दर्जा वरून ठरवला की श्रोता खालून सटकतो.

बरं, स्थानिक म्हणजे दुय्यम, हे तरी कुणी ठरवलं? पुणे केंद्र सुरू झालं १९५३ साली. जेमतेम दोन वर्षांचं हे पोर, आणि १९५५ च्या रामनवमीपासून दर आठवड्याला एक नवं गीत द्यायला लागलं. माडगूळकरांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, आणि ठरल्या दिवशी ते हवेत जायचं. अशी छप्पन्न गीतं झाली. आज गीतरामायणाला आपण हात जोडतो, पण मुळात तो एका स्थानिक केंद्राचा साप्ताहिक कार्यक्रम होता, हे विसरतो.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्या गावांत माडगूळकर नसतात. कबूल. पण रेडिओला माणसं चिकटली ती फक्त उत्तम ऐकायला मिळतं म्हणून नव्हे. फर्माईशीचे कार्यक्रम आठवा. गाण्याआधी नावांची ही लांबलचक माळ! त्या बिहारमधल्या, आता झारखंडात गेलेल्या झुमरीतलैयाचं नाव तर सबंध देशाला पाठ झालं, ते केवळ तिथल्या लोकांनी पोस्टकार्डं पाठवून पाठवून. गाणं सगळ्यांना तोंडपाठच असायचं. कान टवकारले जायचे ते आपलं नाव येतं का, यासाठी.

ही हौस क्षुद्र आहे का? तिशीत मला तसं वाटत असे. काउंटरमागे वीस वर्षं बसल्यावर वाटत नाही. दर नोव्हेंबरात आमच्याकडे पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात. २०१४ पासून तो घरबसल्याही देता येतो, बोट टेकवलं की झालं. तरी कितीतरी आजोबा रिक्षा करून येतात, रांगेत उभे राहतात, आणि सही झाल्यावरही हलत नाहीत. "साहेब, गुडघा फार त्रास देतो हो," म्हणतात. गुडघ्याचा रकाना फॉर्मवर नसतो. पण आपण आहोत, हे यंत्राला कळून त्यांचं भागत नाही. ते कुणीतरी ऐकून "हो का?" म्हणावं लागतं. झुमरीतलैयाचं पोस्टकार्ड हा मला आता हयातीचाच दाखला वाटतो.

आणि याची सोय अगदीच अवघड नाही. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचा परवाना मिळतो. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांचा हवा, अशी अट आहे. ताकद साधारण शंभर वॉट, म्हणजे आपल्या जिन्यातल्या जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. आवाज जातो दहा-पंधरा किलोमीटर. साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी तरंग ही अशीच वाहिनी, २००८ साली सुरू झालेली. दहा-पंधरा किलोमीटर म्हणजे फार नाही, पण गाणारा चुकला तर दुसऱ्या दिवशी बाजारात भेटून त्याला सांगता येईल, इतपत. लताबाईंना तुम्ही काय सांगणार? त्या चुकत नाहीत, आणि तुमचा गुडघाही विचारत नाहीत.

राहता राहिला मूळ प्रश्न. शेजारी फारच बेसूर असेल तर? माझा निकाल असा. गाणाऱ्यानं आठवडाभर रियाज करून यावं, कारण माईक फुकट मिळाला तरी दुसऱ्याचे कान फुकट नसतात. ऐकणाऱ्यानं एक गाणं पुरतं ऐकावं, म्हणजे तीन मिनिटं. त्यानंतर रेडिओ बंद करण्याची मुभा धर्मानं दिलेली आहे. तीन मिनिटं ही काही मोठी ठेव नाही. व्याजदर मात्र सांगता येत नाही. तो आपली गायची पाळी येईल तेव्हा कळेल.