वगळलेले तिघे

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी दुपारी आमची भाची भिजलेली छत्री ओटीवर ठेवून आत आली आणि पिशवीतून कागदांचा एक गठ्ठा काढून तिने आमच्या पुढ्यात ठेवला. ती डॉक्टर आहे. मधुमेही रुग्णांच्या पायांना होणाऱ्या जखमांवर तिने दोन वर्षे अभ्यास केला होता आणि त्यावरील शोधनिबंध एका वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवायचा होता. आम्ही आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवले, त्यामुळे भाषा तपासण्याचे काम आमच्याकडे आले. वैद्यकातले आम्हाला काही कळत नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकले. “मामा, तुम्ही फक्त व्याकरण पाहा,” ती म्हणाली.

अशा निबंधाची बांधणी ठरलेली असते : प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा. पद्धतीच्या भागात लिहिले होते की, ६० रुग्णांचे प्रत्येकी ३० असे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे ड्रेसिंग, दुसऱ्याला नवे. निष्पत्तीच्या कोष्टकात मात्र नव्या ड्रेसिंगच्या गटाखाली २७ हा आकडा होता. आम्ही तो टंकलेखनातला दोष समजलो आणि पेन्सिलीने खूण केली. खूण पाहून भाची गप्प झाली. मग तिने सांगितले की, तीन रुग्ण दुसऱ्या आठवड्यानंतर आलेच नाहीत. फोन केल्यावर एकाचे कळले. जखम चिघळून दुसऱ्या रुग्णालयात त्याच्या पायाचे बोट कापावे लागले होते. उरलेल्या दोघांचा ठावठिकाणा लागला नाही. तिच्या वरिष्ठांचे म्हणणे असे की, ज्यांनी उपचार पुरा केला नाही, त्यांना अभ्यासात मोजण्याचे कारण नाही.

या तिघांनी काय फरक पडतो, असे आम्ही विचारले. तिने हिशेब मांडला. नेहमीच्या ड्रेसिंगने ३० पैकी १५ जणांच्या जखमा भरल्या, म्हणजे शेकडा ५०. नव्या ड्रेसिंगने २१ जणांच्या भरल्या. २७ मधून २१ म्हणजे शेकडा ७८. परंतु ते तिघे बरे झाले नाहीत असे धरून ३० मधून मोजले, तर शेकडा ७०. दोन्ही ड्रेसिंग सारखीच असती, तरी केवळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता पहिल्या हिशेबात शंभरात ३ येते, दुसऱ्यात ११. ही शक्यता शंभरात ५ हून कमी असली की फरक लक्षणीय मानण्याचा संशोधकांचा रिवाज आहे. तिघांना वगळले तर नवे ड्रेसिंग सरस ठरत होते. तिघांना धरले तर तसे म्हणता येत नव्हते.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. निबंधात एकही वाक्य खोटे नव्हते. २७ जणांनी उपचार पुरा केला होता, २१ बरे झाले होते. मग आमच्या मनाला बोचत होते ते काय? खोटे बोलणे आणि खरे न सांगणे यांत अंतर असते. पण ते अंतर नेमके किती?

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. गाळल्याशिवाय कोणतेच लेखन होत नाही. डॉक्टरने दोन वर्षांत पाहिलेले सारे निबंधात घालायचे म्हटले, तर तो कोणी छापणार नाही आणि छापला तरी कोणी वाचणार नाही. रुग्णांची नावे तर गाळलीच पाहिजेत. ते त्यांच्या प्रतिष्ठेसाठी आवश्यक आहे. म्हणजे गाळणे हा दोष नव्हे. किंबहुना काही ठिकाणी ते कर्तव्य आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच की, कोणते गाळणे प्रामाणिक आणि कोणते अप्रामाणिक?

आम्हाला सुचलेली कसोटी साधी आहे. गाळलेली गोष्ट वाचकाला उद्या कळली, तर त्याचा निर्णय बदलेल काय? बदलणार नसेल, तर गाळण्यास हरकत नाही. पण त्याचा निर्णय बदलू नये, एवढ्याच हेतूने ती गाळली असेल, तर ते मौन असत्याच्या पंगतीला बसते. मग लिहिलेली सर्व वाक्ये खरी का असेनात. आणि वैद्यकीय निबंधाच्या वाचकाचा निर्णय म्हणजे काही पुस्तकी मत नव्हे. दूरच्या एखाद्या गावातील डॉक्टर तो निबंध वाचून उद्या कुणाच्या तरी पायावर तेच ड्रेसिंग बांधणार असतो.

ही कसोटी आमच्या ओटीवरचीच राहू नये, म्हणून जगाने पाहिलेले एक उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २००० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या ख्यातनाम नियतकालिकात सांधेदुखीवरील रोफेकॉक्सिब या औषधाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘व्हायॉक्स’ या नावाने ते विकले जात असे. ८,०७६ रुग्णांच्या या अभ्यासात, जुन्या नेप्रॉक्सेनच्या तुलनेत नव्या औषधाने पोटातील व्रण व रक्तस्राव कमी होतात, असे दिसले. हृदयविकाराचे झटके मात्र नव्या औषधाच्या गटात अधिक होते; ते नेप्रॉक्सेन हृदयाचे रक्षण करीत असल्यामुळे असावे, असा अर्थ लेखकांनी लावला. पुढे डिसेंबर २००५ मध्ये त्याच नियतकालिकाच्या संपादकांनी जाहीर चिंता व्यक्त केली. रोफेकॉक्सिब घेणाऱ्या आणखी तीन रुग्णांना झटका आला होता आणि ते निबंधात मोजलेच नव्हते. येथेही तिघेच!

लेखकांची बाजू न ऐकणे अन्यायाचे होईल. त्यांचे म्हणणे असे की, हृदयविकाराच्या घटना मोजण्याची अखेरची तारीख आधीच ठरली होती आणि हे तीन झटके त्या तारखेनंतरचे होते. म्हणजे नियम पाळला गेला होता. परंतु पोटाच्या तक्रारी मोजण्याची अखेरची तारीख त्यानंतर एक महिन्याने होती. औषधाचा गुण जिथे दिसायचा, तिथे दिनदर्शिका एक महिना लांब. दोष जिथे दिसायचा, तिथे एक महिना आखूड. वाचकाला ही गोष्ट सांगितली गेली असती, तर त्याने स्वतःच विचार केला असता. ती सांगितली गेली नाही. सप्टेंबर २००४ मध्ये, दुसऱ्या एका अभ्यासात हृदयाला होणारा धोका स्पष्ट झाल्यावर कंपनीने ते औषध जगभरातून मागे घेतले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात भारत सरकारनेही रोफेकॉक्सिबवर बंदी घातली. तोवर किती घरांतील वडीलधाऱ्यांनी गुडघेदुखीसाठी ती गोळी घेतली असेल!

यावरून आम्ही एक गोष्ट शिकलो. नियम सत्याला साहाय्य करतात. सत्याची जागा ते घेऊ शकत नाहीत. नियम नकोत, असे मात्र कोणी समजू नये. १९७८ मध्ये काही संपादक कॅनडातील व्हँकुव्हर येथे जमले आणि हस्तलिखिते कशी सादर करावीत याचे समान नियम त्यांनी घालून दिले. १९९६ च्या ‘कन्सॉर्ट’ निवेदनाने सांगितले की, किती रुग्ण अभ्यासात आले, किती गळाले आणि किती मोजले, याचा स्पष्ट आराखडा निबंधात हवा. जो रुग्ण ज्या गटात घातला, तो त्याच गटात शेवटपर्यंत मोजावा, हे तत्त्वही संशोधकांना परिचित आहे. भारतात २००७ मध्ये चाचण्यांची नोंदवही सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंदणी सक्तीची झाली. आधी काय ठरवले होते, हे पुढे कुणाला सोयीने बदलता येऊ नये, हा त्यामागील हेतू. या सर्व नियमांमागे एकेक फसवणूक किंवा एकेक मोह उभा आहे.

भाचीच्या वरिष्ठांना आम्ही दुष्ट मानत नाही. आजच्या व्यवस्थेत बढतीसाठी प्रसिद्ध झालेले निबंध मोजले जातात आणि ‘फरक आढळला नाही’ असे सांगणाऱ्या निबंधाला दारे सहजी उघडत नाहीत. वस्तुतः असा निबंधही तितकाच मोलाचा असतो. मानवी संशोधनाविषयीचा हेलसिंकी जाहीरनामा नकारात्मक आणि अनिर्णित निष्कर्षही उघड करावेत, असे बजावतो. दहा डॉक्टरांनी तेच ड्रेसिंग वापरले, नऊ जणांना लाभ दिसला नाही म्हणून ते गप्प राहिले आणि दहाव्याने योगायोगाने दिसलेला लाभ छापला, तर जगाला एकच साक्ष ऐकू येईल. आणि ती नेमकी दिशाभूल करणारी असेल.

परंतु आमच्या मते सर्वांत मोठे ऋण त्या तिघांचेच आहे. अभ्यासात येताना त्यांनी संमतिपत्रावर सही केली होती किंवा अंगठा उठवला होता. आपल्यावरील उपचारातून पुढच्या रुग्णांना काही उपयोग होईल, असे त्यांना सांगण्यात आले होते. मध्येच सोडून जाण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पण ते निघून गेले म्हणून ते आलेच नव्हते, असे होत नाही. ज्याने पायाचे बोट गमावले, त्याच्या वेदनेने काही सांगितले होते. ते कागदावर न येणे म्हणजे त्याच्याकडून घेतलेले वचन आपण एकतर्फी मोडणे होय.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाचीला एवढेच म्हणालो, “अगं, व्याकरण ठीक आहे. पण २७ चे ३० कर, आणि तिघांविषयी जे माहीत आहे ते लिही. जे माहीत नाही, ते माहीत नाही म्हणून लिही.” तिने वरिष्ठांकडे जाऊन ते सांगितले. ते रागावले, आठवडाभर बोलले नाहीत, आणि मग सुधारलेल्या प्रतीवर सही केली. पहिल्या नियतकालिकाने निबंध परत पाठवला. आता तो दुसरीकडे गेला आहे. उत्तर अजून आलेले नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, औषधांच्या दुकानात काम करणारे आहेत. आणि उरलेले आपण सारे केव्हा ना केव्हा रुग्ण आहोतच. आपल्या उशाशी ठेवलेली गोळी कुणाच्या तरी कोष्टकातून गेलेली असते. त्या कोष्टकाखालची बारीक अक्षरातील ओळ आपण कधी वाचणार नाही. ती कुणीतरी प्रामाणिकपणे लिहिली असावी, एवढाच आपला भरवसा. भाचीच्या निबंधात ती ओळ आता आहे : नव्या ड्रेसिंगच्या गटातील तीन रुग्ण दुसऱ्या आठवड्यानंतर आले नाहीत, त्यांपैकी एकाच्या पायाचे बोट काढावे लागले, दोघांचा शोध लागला नाही.